आपले माप कसे घ्यावे?

बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी एक तरुण खिन्न बसलेला दिसला. नोकरीसाठी संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची मुलाखत देऊन आला होता.

"महाराज, सगळं वाया गेलं!"

"बाळा, चुकलं काय?"

"क्रमाने लावलेल्या हजार आकड्यांतून एक शोधायचा होता. दरवेळी निम्मे टाकले की दहा फेऱ्यांत काम होतं. ते जमलं, यादीच रिकामी असली तर काय, हे राहिलं."

"मग एकच राहिलं, सगळं कुठे?"

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. निवड पाचांच्या हाती. आपली चूक ओळखणे मात्र कर्त्याच्याच हाती. आम्हीही कीर्तनानंतर टाळ्या मोजू लागलो की विसरलेले प्रमाण ध्यानातून जाते. म्हणून सज्जनहो, उणे तेवढे टिपावे, निकाल पांडुरंगावर सोडावा.