राहिलेला ठोका

पुण्यात एक उस्ताद होता. माणसांच्या कामाधंद्यावर तो छोट्या फिल्म करायचा. त्याच्याकडे एक पोरगा शिकायला आला. उस्तादाने त्याच्या हाती मुठीत मावेल एवढा कॅमेरा दिला. म्हणाला, "उद्या कसब्यात जायचंय, तांबट आळीत. एका म्हाताऱ्या तांबटाची मुलाखत आहे. ती मी घेतो. बी-रोल तुझा."

पोरगा हिरमुसला. बी-रोल म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या अधेमधे टाकायची चित्रं. हात, हत्यारं, दार, रस्ता. खरं काम उस्तादाचं आणि आपल्या वाट्याला नुसती भरती, असं त्याला वाटलं. मग त्याने ठरवलं, भरतीच करायची तर अशी करू की लोक मुलाखत विसरतील.

दुसऱ्या दिवशी म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसून उस्तादाशी बोलत होता. "मी काम सोडलं. सगळं मुलगा बघतो. माझा आता काही संबंध नाही."

आत त्याचा मुलगा हंड्यावर मठारकाम करत होता. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके देत जायचं. त्याने तांब्याचा पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोक्याचा चमकदार ठसा उमटतो. एकाला लागून एक, ओळीने. काम सोपं दिसतं. सोपं नसतं.

पोरगा कॅमेरा घेऊन हंड्याभोवती फिरला. मुलाच्या खांद्यावरून आत शिरला, हाताखालून बाहेर आला. हातोडी स्लो मोशनमध्ये घेतली, सेकंदाला 120 फ्रेमने. मुलगा दोनदा अंग चोरून बाजूला सरला. दुपारपर्यंत कार्ड भरलं.

संध्याकाळी एडिटला बसले. म्हातारा एका वाक्यात मधेच खोकला होता. उस्तादाने खोकला कापला, पण सांध्यावर म्हाताऱ्याचं डोकं टुणकन उडालं. "इथे झाकायला काहीतरी दे," उस्ताद म्हणाला.

पोरग्याने एक शॉट दिला. त्यात हात नीट दिसायच्या आत कॅमेरा पुढे पळाला होता. दुसरा दिला, तोही तसाच. मग त्याने मोठ्या हौसेने हातोडीचा स्लो मोशन लावला, तर अख्खं दुकान लुकलुकायला लागलं. आपल्याकडच्या विजेवर साधी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. 120 फ्रेमचा मेळ त्या 100 शी बसत नाही, म्हणून कॅमेऱ्याला कळतं.

"कॅमेरा लहान आहे, म्हणून," पोरगा पुटपुटला.

"सेन्सर लहान आहे, खरं. अंधारात दाणे येतात, तेही खरं. पण पळत कोण होतं?"

पोरगा गप्प बसला.

"फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना टिपलं. ते रोपाभोवती धावत नव्हते," उस्ताद म्हणाला. "उद्या परत जा. 25 फ्रेम, शटर 1/50. कॅमेरा एका जागी ठेव. शॉट सुरू केलास की दहा आकडे मोज. त्याच्या आत हात लावायचा नाही."

पोरगा गेला. फळीवर डब्यांच्या मधे त्याने कॅमेरा ठेवला आणि दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. कंटाळा आला. चहा आला. कॅमेरा एवढासा, त्यात हलत नव्हता. थोड्या वेळाने तो तिथे आहे हे बापलेक विसरूनच गेले.

बारा वाजता मुलगा जेवायला आत गेला. म्हातारा कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली ठेवला. उठला. हंडा मांडीवर घेऊन दाराच्या उजेडाकडे फिरवला. मग डाव्या अंगठ्याने ठशांची एकेक ओळ चाचपत गेला. एका जागी अंगठा थांबला. तिथे ठोका राहून गेला होता.

म्हाताऱ्याने आतल्या दाराकडे पाहिलं. हातोडी उचलली. एक ठोका मारला. हातोडी होती तशीच, दांडा त्याच बाजूला करून ठेवली आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

पोरगा आकडे मोजायचं विसरला होता. कॅमेरा चालूच होता.

उस्तादाने तो शॉट पाहिला. "माझा काही संबंध नाही" या वाक्यावर तो लावला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी त्यांना दाखवून ये. नको म्हणाले तर काढून टाकू."

पोरग्याने म्हाताऱ्याला शॉट दाखवला. म्हातारा ओशाळला. "एकच तर ठोका होता," म्हणाला, आणि मान हलवून परवानगी दिली.

पोरगा निघाला, तेव्हा मुलगा त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "मी रोज एक जागा मुद्दाम सोडतो. ते त्यांना ठाऊक नाही."

"दादा, हे कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

"छे! ऐकतील की ते."

पोरग्याने जाऊन हे उस्तादाला सांगितलं. उस्ताद हसला. "तोंडाचं बोलणं लगेच ऐकू येतं," तो म्हणाला. "हातांचं बोलणं कळायला थांबावं लागतं."

तिसऱ्या दिवशी कुणी न पाठवता पोरगा तांबट आळीत गेला. फळीवर कॅमेरा ठेवला. मुलगा ओळीने ठोके देत आला, एक जागा ओलांडून हातोडी पुढे गेली, ओळ संपली आणि तो हात धुवायला उठला. हा शॉट फिल्ममध्ये आधी लागला, म्हाताऱ्याचा त्याच्यानंतर. जागा करायला उस्तादाने मुलाखतीतली चार वाक्यं काढून टाकली.