तळ्याकाठची मंडळी आणि नातवंडांची भाषा

शास्त्रवाचन : नहेम्या 8:1-8 व 13:23-25



नहेम्याच्या शेवटल्या अध्यायात एक उल्लेख मनास चटका लावणारा आहे. यरुशलेमेत परत आलेल्या कित्येक घरांतील निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलत; यहूद्यांची भाषा त्यांना येतच नसे. हे पाहून नहेम्या इतका संतापला की त्याने बापांच्या डोक्याचे केस उपटले.

आमच्या पुष्कळ वाचकांस हा अध्याय आता परका वाटणार नाही. मुलगा मुलुंडला किंवा घाटकोपरला नोकरीस आहे, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. मे महिन्यात ती गावी आली म्हणजे प्रभूची प्रार्थना इंग्रजीत म्हणतात, आणि आजी ओठ मिटून बसते. मग गावातले कोणी म्हणते, ‘मुले देवापासून दूर गेली.’ खरेच गेली काय? ह्याविषयी घाईने बोलण्यापूर्वी एका दूरच्या तळ्याकाठच्या मंडळीची हकीकत ऐकावी.

अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात चिसागो नावाचे तळे आहे. 1850 नंतरच्या काही वर्षांत स्वीडन देशाच्या स्मोलंड भागातील शेतकरी तेथे येऊन वसले. मायदेशी त्यांची शेते दगडधोंड्यांची, आणि वाटण्या होऊन होऊन तुकड्यातुकड्यांची झाली होती. आमच्या कोरडवाहू गावांतील माणसास हे निराळे सांगावयास नको. शिवाय 1726 च्या एका कायद्याने पाळकावाचून घरोघरी प्रार्थनेस जमण्याची तेथे बंदी होती. ती 1858 साली उठली. तळ्याकाठी आलेल्या ह्या लोकांनी 1854 साली आपली मंडळी स्थापन केली, तीही एका शेतकऱ्याच्या कोठारात.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. तळ्याचे नाव स्वीडिश नाही, ते ओजिब्वे लोकांचे. 1837 च्या तहाने त्या लोकांची भूमी गेली, तेव्हाच पाहुण्यांस ती मोकळी सापडली. आमच्या साष्टीतही विहार तलाव 1860 साली पुरा झाला व मुंबईकरांस नळाचे पाणी मिळाले, तेव्हा त्या खोऱ्यातील गावे उठलीच होती. जो आज वतनी आहे त्यानेही हे स्मरावे.

त्या स्थलांतरितांशी आमचा संबंध अगदीच नाही असे नाही. 1852 साली स्वीडनमध्ये जन्मलेला व 1869 साली अमेरिकेस गेलेला फ्रेडरिक फ्रान्सन ह्याने 1890 साली शिकागो येथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभारली. तिचे सेवक पुढे आमच्या पश्चिम खानदेशात भिल्ल बांधवांमध्ये राहिले. ज्यांच्या आईबापांनी स्वतःची भाषा घेऊन समुद्र ओलांडला, ते येथे येऊन दुसऱ्याची भाषा शिकले!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तळ्याकाठच्या लोकांनी स्वीडिश भाषा जपण्यासाठी थोडे कष्ट केले नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत धर्मशिक्षणाचे तरुण विद्यार्थी येत व मुलांना स्वीडिश वाचन आणि लूथरची प्रश्नोत्तरावली शिकवीत. तरी शाळा इंग्रजी, बाजार इंग्रजी. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरल्यावर परकी भाषा बोलणाऱ्याकडे संशयाने पाहू लागले. पुढील वीसेक वर्षांत त्या मंडळ्यांतील उपासना बहुतांशी इंग्रजीत होऊ लागली. तेथून जवळच लिंडस्ट्रॉम नावाचे गाव आहे. त्या नावातील एका अक्षरावर दोन टिंबे असतात. सडकेच्या पाटीवरून ती गेली होती, ती 2015 साली राज्यपालांनी खास आज्ञा काढून परत बसविली. गंमत वाटते, पण हसू नये. आमच्या जुन्या शास्त्रातील अनुस्वार पाहूनही मुंबईची मुले असेच नवल करतात.

टिंबे परत आली, बोली मात्र आली नाही. तथापि 1854 सालची ती मंडळी मोडली नाही. आजही तेथे उपासना होते. म्हणजे भाषा गेली की विश्वास गेलाच, हे म्हणणे टिकत नाही. परंतु उलट बाजूही सांगितली पाहिजे. भाषा बदलताना जी म्हातारी माणसे मागे राहिली, त्यांची प्रार्थना कोणाला कळली? जी आई मुलाशी देवाविषयी एकाच भाषेत बोलू शकते, तिच्यापासून ती भाषा काढून घेणे म्हणजे तिचे तोंडच बंद करणे होय. उपनगरांतील जी कुटुंबे मराठीची लाज धरतात त्यांस हे मी स्पष्ट सांगतो. आणि गावात बसून त्या मुलांना ‘बाटगी’ म्हणून हिणवतात, त्यांसही सांगतो की हे पाप आहे.

नहेम्याने केस उपटले, हे खरे. पण त्याच पुस्तकात, आठव्या अध्यायात, लेवी दुसऱ्याच रीतीने वागले. त्यांनी नियमशास्त्र वाचले व लोकांस अर्थ समजावून दिला, आणि लोक रडले. मला हा मार्ग अधिक फलदायी वाटतो.

यास्तव गावोगावच्या उपदेशकांनी येत्या मे महिन्यात असे करून पाहावे. मुंबईहून आलेल्या मुलांना वेगळे बसवू नये. सायंकाळी एक अध्याय आजीने मराठीत वाचावा; तिला वाचता येत नसेल तर पाठ असलेले गीत तिने म्हणावे. मग नातवाने त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगावा, आणि जेथे तो अडेल तेथे आजीलाच विचारावे.