वकीलपत्रावरील सही

कावेरीच्या काठावर वसलेल्या कुंभकोणम् नगरीविषयी एक जुनी श्रद्धा प्रचलित आहे. अन्यत्र घडलेले पाप पुण्यक्षेत्रात फिटते, पुण्यक्षेत्रातले काशीत फिटते, काशीत घडलेले कुंभकोणमात फिटते. आणि कुंभकोणमात घडलेले पाप फेडण्यासाठी मात्र दुसरीकडे कोठेही जावे लागत नाही, ते तेथेच फिटते. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या महामहम पर्वात तेथील तीर्थावर लोटणारा जनसमुदाय याच श्रद्धेची साक्ष देतो. महाराष्ट्राला हे नगर परके नाही. भोसल्यांच्या तंजावर राज्याचा हा प्रदेश; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये येथल्याच एका मराठी कुटुंबात जन्मले.

परंतु पाप आणि अपराध या दोन भिन्न वस्तू आहेत. पापाचा निवाडा मनुष्य आणि त्याचे दैवत यांच्यात होतो. त्यासाठी स्नान, जप, पश्चात्ताप हे मार्ग ज्याचे त्याला मोकळे असतात. अपराधाचा निवाडा तिऱ्हाइतांसमोर, तिऱ्हाइतांच्या भाषेत आणि तिऱ्हाइतांनी घालून दिलेल्या नियमांनी होतो. तेथे आरोपीला बहुधा स्वतःची वाणी पुरत नाही. ती दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते. ही वाणी कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसतो; मुळात तो नीतीचा आहे.

16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमातील एका शाळेच्या इमारतीत आग लागली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून उठलेली ठिणगी शाकारलेल्या छपराला लागली आणि 94 मुले मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर आरोपी म्हणून ज्यांना न्यायालयासमोर उभे केले गेले, त्यांत शाळेचे संस्थापक होते, शिक्षक होते, भोजन शिजविणारे होते, शिक्षणखात्याचे अधिकारी होते. ज्या घरातले मूल गेले, त्या घराच्या दृष्टीने या सर्वांमध्ये भेद करण्याचे काही कारण नव्हते. दुःखाला तपशील नको असतो. त्याला उत्तरदायी चेहरा हवा असतो. तरीही 30 जुलै 2014 रोजी तंजावरच्या सत्र न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा दहा जण दोषी ठरले आणि अकरा निर्दोष. पुढे अपिलात काहींच्या शिक्षाही कमी झाल्या. निकाल रास्त की अपुरा, याविषयी मतभेद राहणारच. मुले गमावलेल्या आईबापांना तो अपुरा वाटला, तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते. सर्वांवर सारखाच आळ घेणाऱ्या शोकातून एकेकाची कृती वेगळी काढून पाहणे हे काम कोणीतरी केले नसते, तर दोषी आणि निर्दोष यांच्यातील रेषा आखलीच गेली नसती. ते काम बचावाच्या वकिलाचे असते.

भारतीय राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या विधिज्ञाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. या वाक्यातला ‘पसंती’ हा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. पसंतीसाठी वेळ लागतो, माहिती लागते, मनाची स्थिरता लागते. अटकेच्या रात्री यांपैकी काहीच हाताशी नसते. कायद्याने आरोपीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. तेवढ्या अवधीत निवड करायची असते, आणि ती बहुधा कोठडीतला मनुष्य करीतच नाही. ती करतो पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला भाऊ, दागिने गहाण ठेवायला निघालेली पत्नी किंवा चार ओळखी असलेला शेजारी. वकिलांना जाहिरात करण्यास त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा कानोकानी आलेल्या कीर्तीवरच भिस्त ठेवावी लागते. ठाण्याच्या आवारातच कोणी एखादे नाव सुचवितो. आणि ते नाव सुचविण्यात त्याचा स्वतःचा काय लाभ आहे, हे विचारण्याचे भान त्या घटकेला कोणालाही नसते.

अशा वेळी कानोकानी येणारी कीर्ती दोन प्रकारची असते. अमुक वकील अभ्यासू आहे, ही एक. अमुक वकिलाचे ‘वजन’ आहे, ही दुसरी. भयभीत कुटुंबाला दुसरी कीर्ती अधिक आश्वासक वाटते, आणि निवडीचा नैतिक पेच येथेच उभा राहतो. बचाव आणि सुटका या दोन वेगळ्या मागण्या आहेत. बचाव मागणारा म्हणतो, माझ्याविरुद्ध जे आहे ते कसोटीला लावा. सुटका मागणारा म्हणतो, ती कसोटीच टाळा. पहिली मागणी निरपराधालाही शोभते आणि अपराध्यालाही. दुसरी निरपराधालासुद्धा कलंकित करते, कारण ती मान्य करताना तो न्यायावरचा स्वतःचा विश्वास विकून टाकतो. म्हणून वकीलपत्रावर सही करणे ही अटकेनंतर मनुष्याच्या हातून घडणारी पहिली स्वतंत्र कृती असते. बाकी सर्व त्याच्यावर घडत असते. ही एक तो करतो.

या कसोटीवर उतरणारा वकील ओळखणे अगदीच अशक्य नसते. तो निकालाची हमी देत नाही. निकालाच्या यशावर अवलंबून मोबदला ठरविण्यास नियमांनीच बंदी आहे; तो आपले शुल्क आरंभी स्पष्ट सांगतो. अशिलाने सांगितलेले गुपित राखणे हे कायद्यानेच त्याच्यावर बंधन घातलेले आहे, म्हणून तो सत्य ऐकण्यास कचरत नाही. परंतु रचलेली साक्ष उभी करण्यास नकार देतो. पहिल्या कोठडीच्या सुनावणीला तो स्वतः उभा राहतो, आणि गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो, याचे दिवस तो मोजत असतो. कटू गोष्ट तो आरोपीच्या तोंडावर सांगतो आणि न्यायालयात त्याच्या बाजूने बोलतो. सामान्य मनुष्याला या दोहोंत विसंगती दिसते. वस्तुतः विश्वासाचे दुसरे कोणतेही रूप नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. ज्याचे कृत्य सर्वांनी डोळ्यांनी पाहिले, त्याच्या बाजूने बोलणे म्हणजे मृतांचा अवमान नव्हे काय? कोइमतूर येथे वकील आणि पोलीस यांच्यातील संघर्षानंतर तेथील वकील संघटनेने आरोपी पोलिसांचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असा ठराव केला. सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2010 रोजी असे ठराव राज्यघटनेशी आणि व्यावसायिक नीतीशी विसंगत, म्हणून निरर्थक ठरविले. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर हीच परीक्षा महाराष्ट्राला द्यावी लागली. अजमल कसाबचे वकीलपत्र घेऊ नये असा पवित्रा वकिलांच्या संघटनेने घेतला. न्यायालयाने नेमलेल्या एका महिला वकिलाच्या घरापुढे निदर्शने झाली. तरीही प्रत्येक टप्प्यावर त्याच्यासाठी कोणीतरी उभे राहिले, आणि 29 ऑगस्ट 2012 रोजी त्याची फाशी कायम करणाऱ्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर एक कर्तव्य घातले: अटक झालेल्या व्यक्तीला प्रथम समोर आणताच तिला वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव करून द्यावी, आणि ऐपत नसेल तर शासनाच्या खर्चाने वकील द्यावा. सर्वांत तिरस्कृत आरोपीच्या खटल्यातून सर्वांत अनाम आरोपीचे संरक्षण दृढ झाले. मृतांचा याहून मोठा सन्मान सूडाने झाला असता, असे म्हणवत नाही.

आक्षेपाचे मूळ एका गैरसमजात आहे. वकिलाचा युक्तिवाद ही त्याची श्रद्धा असते, असे लोक धरून चालतात. लोकमान्य टिळकांचे दोन खटले या बाबतीत बोलके आहेत. 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उच्च न्यायालयात बॅरिस्टर दावर यांनी बाजू मांडली आणि न्यायमूर्ती तय्यबजी यांनी जामीन दिला. 1908 मध्ये तेच दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जिनांनी मांडलेला टिळकांचा जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला आणि 22 जुलै रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दावरांच्या निर्णयाला इतिहासाने क्षमा केलेली नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र 1897 ची त्यांची वकिली त्यामुळे खोटी ठरत नाही. त्या दिवशी त्यांनी टिळकांच्या मताला नव्हे, टिळकांच्या हक्काला वाणी दिली होती. 1908 मध्ये टिळकांनी ज्यूरीपुढचे भाषण स्वतःच केले, यालाही अर्थ आहे. कायद्याचे पदवीधर असलेल्या त्या पुरुषाला उसनी वाणी पुरेशी वाटली नाही. पण स्वतः बोलण्याची ही निवड ज्ञानाने आणि तपाने येते. ती सर्वांना परवडत नाही.

आणि येथेच या प्रश्नाची सर्वांत दुखरी बाजू समोर येते. 1976 मध्ये घटनेत 39-अ हा अनुच्छेद आला. 1978 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या हॉस्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनामूल्य वकिलाचा हक्क न्याय्य प्रक्रियेचा भाग मानला. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील प्रत्येकाला तो देऊ केला. गरिबाला वकील मिळतो; पसंती मिळतेच असे नाही. धनिक निवडतो, गरिबाच्या वाट्याला येतो. हा भेद मिटविण्याचा उपाय कायद्यात नाही. तो नेमल्या गेलेल्या वकिलाच्या अंतःकरणात आहे. जो आपण निवडले गेलो नाही हे विसरून, निवडले गेल्यासारखा उभा राहतो, तोच ‘पसंतीचा’ या शब्दाला गरिबाच्या बाबतीत अर्थ देतो.

कुंभकोणमची श्रद्धा सांगते की, तेथे घडलेल्या पापाला दुसरे तीर्थ नाही. प्रत्येक समाजाची स्थिती हीच आहे. ज्या गावात अपराध घडला, त्याच गावातल्या कोणीतरी आरोपीशेजारी उभे राहावे लागते, त्याच लोकांच्या नजरा झेलत. ते काम दुसऱ्या गावावर ढकलता येत नाही.