डब्यातलं आणि वाटपातलं

सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. शीतपेयात, बिस्किटांत किती साखर असते आणि दिवसाला किती पुरे, हे मुलांना येताजाता दिसावं म्हणून. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात, पुरेसे मात्र 5 टक्के आहेत, असा हिशेब त्या पत्रकात होता. फलक लागले आणि पालकसभांत जुना वाद नव्याने पेटला. वाढदिवसाची चॉकलेटं बंद करा, असं एकीचं म्हणणं; वर्षातून एकदा काय बिघडतं, असं दुसरीचं. शाळेने हात वर करायला लावून मतं मोजली. कडक पालक विरुद्ध सैल पालक अशी मांडणी केली की प्रश्न स्वभावाचा होऊन बसतो आणि शाळेचा अधिकार कुठवर पोचतो, हे विचारायचं राहूनच जातं.

‘आम्ही लहानपणी सगळं खाल्लं, काही झालं नाही’ हा युक्तिवाद सोडून देऊ. तेव्हा दर कोपऱ्यावर पाच रुपयांची पाकिटं लटकत नव्हती. कंपन्यांच्या जाहिरातींना आळा घालावा हे खरंच, पण ते शाळेच्या हातात नाही. मला सविस्तर उत्तर द्यायचं आहे ते तिसऱ्या मताला, कारण ते सगळ्यात समंजस वाटतं: नियम करा, आणि तो सगळ्यांना सारखा करा.

या मतामागचा हेतू चांगला आहे. भाकरी आणणाऱ्या मुलाला पिझ्झा आणणाऱ्याशेजारी बसून संकोचावं लागू नये. त्यातूनच डब्याचं वेळापत्रक येतं: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी थालीपीठ, शनिवारी आवडीचा खाऊ. पण हे वेळापत्रक सकाळी सात वाजता ओट्यापाशी कुणीतरी उभं असलेल्या घराचं आहे. पाच वाजता कामाला बाहेर पडणाऱ्या बाईच्या मुलाच्या डब्यात बिस्किटांचा पुडा येतो तो हौसेने नव्हे, तिला वेळ नसतो म्हणून. नियम सारखा असला तरी तो पाळण्याची किंमत प्रत्येक घराला वेगळी पडते.

शिवाय सारखेपणा कुणाच्या घरावरून बेतायचा? नोएडातल्या एका खासगी शाळेने ऑगस्ट 2024 मध्ये डब्यात मांसाहार देऊ नका, अशी विनंती पालकांना केली. कारणं दोन दिली: सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत खराब होऊ शकतं, आणि सगळ्या मुलांना एकत्र बसून जेवता यावं. दोन्ही ऐकायला निर्मळ. पण सकाळची उसळही दुपारपर्यंत आंबते, तिच्यावर कुणी परिपत्रक काढत नाही. आणि सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून ज्याला बदलायला सांगितलं ते घर ठरलेलंच होतं. आपल्याकडेही वेफर्स, मॅगी, अंडं, मासळी एकाच यादीत घालणाऱ्या शाळा आहेत. आरोग्याच्या रांगेत सोवळं उभं राहतं आणि कुणी हटकत नाही, कारण नियम ‘सगळ्यांना सारखा’ असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. नियम आला की तपासणी येते. बाई बाकांमधून फिरतात, झाकण उघडायला लावतात, चुकीचा डबा आणलेलं मूल उभं राहतं. त्या मुलाने तो डबा भरलेला नसतो.

मग शाळेने काहीच करू नये? करावं, आणि बरंच कडकपणे करावं. पण वर्गात जे वाटलं जातं त्याच्याबाबतीत. घरून आपल्यापुरतं आणलेलं आणि वर्गात सगळ्यांना दिलेलं यांत फरक करा, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. रंगीत कपड्यांतलं मूल पिशवी घेऊन बाकाबाकापाशी जातं, दोन-दोन चॉकलेटं ठेवतं, सगळे गाणं म्हणतात. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलीला तिथे दोनच वाटा उरतात: सगळ्यांदेखत नको म्हणायचं, नाहीतर इन्सुलिनचा हिशेब बिघडवायचा. तिच्या आईला कुणी विचारलेलं नसतं. ‘वर्षातून एकदा’ हे देणाऱ्याच्या बाजूने खरं आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते. वर्गात पन्नास मुलं असली आणि सुट्टीतले वाढदिवस वजा केले, तरी घेणाऱ्याच्या हातावर वर्षात पंचवीसेक वेळा काहीतरी पडतंच. बरोबर उत्तराला बाईंनी दिलेली गोळी त्यात धरलेली नाही, आणि ती तर आधी बंद व्हावी. संक्रांतीचा तीळगूळ मी ठेवीन. तिथे प्रत्येक मूल देतं आणि घेतंही.

वाटणाऱ्याला आधी विचारून घेता येतं, हे आपल्या राज्य सरकारनेच दाखवून दिलं होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि न खाणाऱ्यांसाठी केळं. कुणाच्या घराला हात न लावता केलेली ही तजवीज होती. तरी विरोध झालाच. आपलं मूल खात नाही एवढ्यावर तो थांबला नाही, शेजारच्याच्या ताटातही अंडं नको इथवर गेला. जानेवारी 2025 मध्ये राज्याने अंड्यांचा आणि खिरीच्या साखरेचा खर्च उचलणं थांबवून तो लोकवर्गणीवर सोपवला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशापासून शिजवलेलं अन्न देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जे आपण वाटतो ते नीट वाटणं हीच शाळेची पहिली जबाबदारी, आणि नेमकी तीच अंगाबाहेर टाकली गेली.

राहिला रोज डब्यात वेफर्स आणणारा मुलगा. ते वेफर्स बहुधा फाटकाबाहेरच्या टपरीवरचे असतात, आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकायला 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. मुख्याध्यापकांनी तिथे लक्ष घालावं. घरूनच येत असतील तर वर्गशिक्षिकेने त्याच्या आईला सोयीच्या वेळी फोन करावा, सकाळी काय अडतं ते ऐकून घ्यावं, जमेल असं काही सुचवावं. तोवर त्याने आपला डबा सगळ्यांबरोबर बसून खावा, झाकण कुणी तपासू नये.