वनरक्षकाची विद्या

नीति शिकवितां येते कीं नाहीं, हा वाद सॉक्रेटीसाच्या काळापासून पंडितांत चालत आला आहे. आम्ही तो आज वनरक्षकाविषयीं उपस्थित करीत आहों. सरकारी उतरंडींत या माणसाचें स्थान अगदीं खालचें. पण एवढी सृष्टि एकट्या माणसाच्या हवालीं केल्याचें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. रानांत तो काय पाहतो आणि काय पाहिलें म्हणून लिहितो, यांतील अंतर मोजावयास तेथें कोणी नसतें. अशा माणसाला शिक्षण द्यावयाचें म्हणजे काय द्यावयाचें?

हें शिक्षण आपल्याकडे नवें नाहीं. डेहराडूनचें वनविद्यालय १८७८ सालीं निघालें. आणि त्याच सालीं सरकारनें अरण्यांवरील आपली मालकी घट्ट करणारा कायदा केला. कायद्यानें रान सरकारजमा केलें, विद्यालयानें तें मोजणारीं माणसें घडविलीं. सागाची वाढ, तोडीचा क्रम, हद्दीचे बुरूज, वणवा अडविण्यासाठीं जाळरेषा, या विद्येला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण 'राखणें' म्हणजे माणसावर पाळत ठेवणें, हा अर्थ तिच्यांत प्रथमपासून मुरलेला आहे.

तिची उणीव दाखविणारी एक हकीकत आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत घडली. हा जिल्हा १९९८ सालीं धुळ्यांतून निराळा झाला. पूर्वीं हें सारें खानदेशच. डेव्हिडसन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत खानदेशांत वनपिंगळ्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाहि खात्रीनें आढळला नाहीं. ब्रिटिश संग्रहालयांत मात्र आणखी एक नमुना होता, व त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेंतील मांडवी हें ठिकाण लिहिलेलें होतें. चिठ्ठी कर्नल माइनर्ट्झहागेन यांची. पक्षिशास्त्रांतलें हें मोठें नांव. पामेला रासमुसेन या विदुषीनें तपास करून दाखविलें कीं, हा नमुना मुळांत डेव्हिडसनचाच. तो संग्रहालयांतून चोरून, कातडें नव्यानें भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. ती बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या व त्यांचे सहकारी निघाले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं पक्षी समोर बसलेला दिसला. ११३ वर्षें! बरें, हा पिंगळा केवळ रात्रीं हिंडणारा नव्हे. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा. गुराख्यांनीं, वनरक्षकांनीं तो कधीं पाहिलाच नसेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. लाकडाच्या हिशेबांत त्याला रकाना नसावा, इतकेंच.

माइनर्ट्झहागेन यांना ज्ञान उणें नव्हतें, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पक्ष्यांचीं नांवें पाठ करून घेतलीं, नकाशे व यंत्रें हातीं दिलीं, कीं शिक्षण झालें असें समजणारांनीं तिचा विचार करावा.

प्रश्न पक्ष्यापुरताच असता तर आम्ही इतका खल केला नसता. अक्राणी, अक्कलकुवा भागांत भिल्ल व पावरा लोक पिढ्यान् पिढ्या रानांत शेती करीत आले, आणि दप्तरांत ते अतिक्रमण करणारे ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्यांचा हक्क मान्य केला, ग्रामसभेलाहि रान राखण्याचा अधिकार दिला. मात्र जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसण्यांत असली पाहिजे. म्हणजे एकेकाळीं दंडासाठीं लिहिलेली वनखात्याची नोंद आज त्याच कुटुंबाचा पुरावा होऊं शकते!

समजा, एखाद्या वनरक्षकाला ठाऊक आहे कीं, अमुक तुकडा त्या तारखेनंतर तोडलेला आहे, आणि तोडणाऱ्याच्या घरीं पोरें उपाशी आहेत. त्यानें काय सांगावें? कित्येक सहृदय वाचक म्हणतील, दयेपुढें तारखेची काय मातबरी! आम्हांस तसें वाटत नाहीं. दयेनें लिहिलेली खोटी नोंद शेजारच्या खऱ्या दावेदाराच्या नोंदीचीहि पत घालविते. त्या पोरांसाठीं त्यानें तहसीलदाराचें दार ठोठावावें, स्वतःच्या भाकरींतली अर्धी द्यावी. वहींत मात्र आहे तेंच लिहावें. आणि वरिष्ठांची मर्जी असो वा नसो, जुनी शेती जुनीच लिहावी. हें दुसरें पहिल्याहून अवघड, कारण येथें पोट त्याचें स्वतःचें आहे.

हें शिकवितां येतें काय? व्याख्यानानें नव्हे. लागवडीचीं निम्मीं रोपें मेलीं असें खरें लिहिणाराकडून खुलासा मागविला, व नव्वद टक्के जगलीं म्हणून लिहिणाराला शाबासकी दिली, तर वनरक्षक एका पावसाळ्यांत आपला धडा शिकतो. म्हणून या शिक्षणाचा आरंभ वरिष्ठांपासून व्हावा, असें आमचें मत आहे. नवशिक्यांना आंखलेल्या तक्त्याऐवजीं कोरी वही द्यावी, पाड्यावरचा एखादा जाणता म्हातारा सोबतीस द्यावा, आणि महिनाभर तोरणमाळच्या रानांत पाठवावें. परत आल्यावर वहींत 'दिसलें नाहीं' अशा नोंदी निघाल्या, तर त्यांचे गुण कापूं नयेत.