धडधाकट यंत्राचे मौन

वस्तूचे आयुष्य केव्हा संपते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा आहे. ती मोडली, झिजली, की तिचा उपयोग सरला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. परंतु जी मोडलेली नाही, झिजलेली नाही, तरीही एका सकाळी निरुपयोगी ठरते, तिच्याविषयी काय म्हणावे? जुन्या स्कॅनरच्या निमित्ताने हा प्रश्न नीतीच्या प्रांतात येतो.

जबलपूरच्या कांचघर वस्तीत एखाद्या मराठी घरी असे यंत्र असेल, तर त्यालाही कांचघरच म्हणता येईल. काचेखाली दिवा, आरसे, प्रकाशाचे विद्युत्‌संकेत करणारी पट्टी आणि सरकवणारी लहानशी मोटर, एवढाच त्याचा संसार. तो दीर्घकाळ शाबूत राहू शकतो. संगणकाशी बोलण्यासाठी मात्र त्याला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चालत नाही. उत्पादकाने नवा दिला नाही, तर धडधाकट यंत्र मुके होते.

मराठी माणसाला ही अवस्था अपरिचित नाही. नागपूरकर भोसल्यांची जबलपूरवरील सत्ता १८१७ मध्ये संपली. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून आणि शाळांतून गेली. कागद टिकले, शाई टिकली. वाचणारा डोळा दुर्मीळ झाला. तथापि मोडी कोणा एकाच्या मालकीची नव्हती. शिकू इच्छिणाऱ्याला ती शिकता येत होती, आजही येते. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली, आणि पुढच्या अभ्यासकांनाही दप्तरांची वाट मोकळी राहिली. ड्रायव्हरची भाषा ही मात्र बहुधा खाजगी मालमत्ता असते. लिपी विस्मरणाने हरवते. ही भाषा कुलुपात राहते.

उत्पादकाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक जुन्या यंत्राची सेवा अनंतकाळ करावी, अशी अपेक्षा न्याय्य नाही. तो खर्च अखेर नव्या ग्राहकावरच पडेल. जुन्या प्रणालीला चिकटून राहणेही निर्धोक नाही. विंडोज एक्सपीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. असा संगणक स्कॅनरपुरता ठेवावा, पण महाजालाशी जोडू नये. परंतु सेवा थांबवणे वेगळे आणि किल्ली सोबत घेऊन जाणे वेगळे. पहिल्याला कारण आहे; दुसऱ्याला ते पुरत नाही. ज्या यंत्राची सेवा करायची नाही, त्याच्या भाषेचे वर्णन खुले करण्याने कोणते मोठे नुकसान होते?

सेन या मुक्त आज्ञावलीच्या स्वयंसेवकांनी कित्येक स्कॅनरांची भाषा, माहितीपुस्तिका नसताना, केवळ संकेतांचे निरीक्षण करून उलगडली. लिनक्सवर ती यंत्रे आजही काम करतात. याचा अर्थ, अडचण अशक्यतेची नव्हती. भारतात २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर भर होता. दुरुस्ती म्हणजे सुटे भाग, ही समजूत त्यामागे स्वाभाविक होती. स्कॅनर सांगतो की भाषा हाही एक सुटा भाग आहे.

विकत घेतलेल्या वस्तूची मालकी म्हणजे काय, हे यावरून ठरवावे लागेल. पणजोबांची पत्रे काचेवर ठेवणाऱ्याकडे कागद आहे, यंत्र आहे, वीज आहे. त्याला उरलेली एक गोष्ट नाकारण्याचा अधिकार, स्वतः ते काम सोडून दिलेल्या उत्पादकाकडे राहू नये.