आकडा कोणी लिहिला?

आत्महत्या हा शब्द आपल्या घरांत दबक्या आवाजातच उच्चारला जातो. ‘अचानक गेला’, ‘अपघात झाला’ असे सांगितले जाते आणि ऐकणाराही पुढे काही विचारीत नाही. या दबक्या आवाजाचा समाजशास्त्राशी काही संबंध असेल, असे आम्हांस फार दिवस वाटले नव्हते. परंतु सिद्धांत आणि प्रत्यक्ष पाहणी यांचे परस्परांशी नाते काय, या वरकरणी रुक्ष प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा शंभराहून अधिक वर्षे चाललेला एक वाद थेट आपल्याच उंबरठ्यावर येऊन थांबतो असे आढळले.

इ. स. १८९७ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक एमील द्यूरकेम यांनी आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. माणसाची सर्वांत एकाकी कृती घ्यावी आणि तिच्यातही समाजाचा हात दाखवून द्यावा. तसे करता आले तर समाजशास्त्राला स्वतंत्र शास्त्र म्हणवून घेण्याचा अधिकार मिळेल. न्यायखात्याच्या दप्तरातील सुमारे २६,००० प्रकरणांची वर्गवारी त्यांचा भाचा मार्सेल मोस याने केली. हे दप्तर ज्यांनी खुले करून दिले, ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख गाब्रिएल तार्द द्यूरकेम यांचे वैचारिक प्रतिस्पर्धी होते. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार आहेत आणि आत त्यांच्याच मताचे खंडन आहे! विद्वानांच्या जगात असे औदार्य क्वचितच दिसते.

पण २६,००० कागद आपण होऊन काहीच बोलत नाहीत. त्यांत काय शोधायचे, हे सिद्धांताने सांगावे लागते. द्यूरकेम यांचा सिद्धांत असा की, माणूस ज्या समूहात राहतो त्याची वीण जितकी घट्ट, तितके त्याला जगण्यासाठी बळ मिळते. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट हे दोन्ही पंथ आत्महत्येचा सारखाच निषेध करतात. तरीही प्रॉटेस्टंट प्रदेशांत तिचे प्रमाण अधिक दिसते. म्हणजे फरक आज्ञेत नाही, तो सामूहिक जीवनाच्या विणीत असला पाहिजे. यावर कोणी म्हणेल, हा फरक पंथाचा नसून जर्मन आणि फ्रेंच स्वभावाचा आहे. म्हणून ते स्वित्झर्लंडकडे वळले, कारण तेथे दोन्ही भाषा आहेत आणि दोन्ही पंथही. फ्रेंच बोलणारे असोत वा जर्मन बोलणारे, कॅथॉलिक प्रांतांतील प्रमाण कमीच निघाले. सिद्धांताने प्रश्न दिला नसता, तर स्वित्झर्लंडचे आकडे कोणी असे मांडून पाहिले नसते.

आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयात हे वाचले, ते मनोमन सुखावले असतील. आपली मिस्सा, आपली संध्याकाळची रोजरी, आपले सणवार माणसाला तारून नेतात, याला शास्त्राचीच साक्ष मिळाली की!

हे सुख फार टिकले नाही. द्यूरकेम यांच्याच परंपरेतील मोरिस हाल्बवाक्स यांनी १९३० मध्ये दाखवून दिले की, कॅथॉलिक लोक बहुधा खेड्यांत आणि शेतीवर राहणारे होते. तेव्हा श्रेय श्रद्धेचे की ग्रामजीवनाचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. (हे हाल्बवाक्स १९४५ मध्ये नाझींच्या बूखेनवाल्ट छळछावणीत मरण पावले.) शिवाय द्यूरकेम यांचे आकडे प्रदेशांचे होते, व्यक्तींचे नव्हते. प्रॉटेस्टंट प्रांतात जीव देणारे सारे प्रॉटेस्टंटच होते, हे कशावरून?

खरा घाव मात्र पुढे बसला. १९६७ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी विचारले की, एखादे मरण आत्महत्या आहे हे ठरवतो कोण? डॉक्टर, अधिकारी, शेजारी आणि घरचे लोक. समूह जितका घट्ट, तितकी लपवण्याची निकड अधिक आणि शक्तीही अधिक. मग १९९६ मध्ये फान पॉपेल आणि डे या संशोधकांनी नेदरलंड्समधील १९०५ ते १९१० या वर्षांच्या मृत्युनोंदी तपासल्या. या नोंदींत मृताचा पंथ आणि मरणाचे कारण दोन्ही उपलब्ध होते. कॅथॉलिकांमध्ये आत्महत्या कमी होत्या खऱ्या. पण ‘आकस्मिक मृत्यू’ आणि ‘कारण अस्पष्ट’ या दोन सदरांत त्यांचीच संख्या अधिक होती. पंथांमधला फरक मुख्यतः नोंदीच्या पद्धतीत विरून गेला.

आम्ही या ठिकाणी बराच वेळ थांबलो. त्या डच घरांत काय घडले असेल, हे समजण्यास संशोधकाची गरज नाही. जाणूनबुजून जीव देणाऱ्याला त्या काळी ख्रिस्तविधीने दफन मिळत नसे. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतही, मरणापूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली नसेल तर, तोच नियम होता. आईला मुलासाठी पवित्र भूमी हवी होती. डॉक्टरने लेखणी थोडी वळवली. त्याने खोटे लिहिले, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. आणि खरे लिहिले, असेही म्हणवत नाही. त्याच्या त्या दयेच्या आधारावर पुढे एक सिद्धांत उभा राहिला आणि त्या सिद्धांतावर आमचा अभिमान.

मग द्यूरकेम चुकले म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एका रात्रीत सारे गाव एका शब्दावर एकमत होते, हीच तर घट्ट विणीची खूण आहे. आकड्यांनी सिद्धांताला हरवले आणि त्या पराभवाचे कारण पुन्हा सिद्धांतानेच सांगितले. मात्र ती वीण जिवंत माणसाला धरून ठेवते की मेल्यानंतर त्याला झाकून घेते, हे आता वेगवेगळे तपासावे लागेल.

उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, हे पाहिले जाते. येथे घराला सांगायचे असते आणि कागदाला ऐकायचे नसते. अर्थात ‘शेतकरी कोणाला म्हणावे’ याविषयीचा एक सिद्धांत त्या छापील अर्जातच दडलेला असतो.

१९८३ च्या नव्या कायदेसंहितेत दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने मनोव्यथा जबाबदारी कमी करते हे मान्य करून अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आशा सोडू नये असे सांगितले. आमच्या धर्मग्रामांच्या मृत्युनोंदवह्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती आल्या, तर ‘आकस्मिक’ या शब्दाचे प्रमाण १९८३ च्या आधी आणि नंतर किती, हे त्याने मोजावे अशी आमची इच्छा आहे. नोंदलेल्या आत्महत्या वाढलेल्या आढळल्या, तर दुःख वाढले की भीती ओसरली, हे त्या वहीवरून कळणार नाही. त्यासाठी त्याला घरोघरी जाऊन बसावे लागेल, आणि तेथे दार उघडणाऱ्यांमध्ये आपणही असू.